आमच्या दारातला चक्रीभुंगा

टीव्हीवर किड्यांचा सिनेमा लागला की माझा नवरा रिमोट शोधायला लागतो. तो त्याला सापडत नाही, कारण मी आधीच मांडीखाली दडवलेला असतो. सिनेमात बाहेरदेशातलं एखादं गाव असतं, तिथे मुंग्या म्हशीएवढ्या होतात, टोळ येऊन अख्खी मोटार फस्त करतात, आणि सगळे गोरे लोक हिंदीत ओरडत पळतात. एखाद्या बाईचं तोंड मिटलं तरी तिचा आवाज मागे राहून ओरडतच असतो. नवरा म्हणतो, दुकानात एवढ्या बायका तुझा शब्द मानतात आणि घरी येऊन तू हे पाहतेस. वाशीमला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि तिथे माझा शब्द चालतो, हे खरं आहे. पण मला या सिनेमांची काडीची लाज वाटत नाही. असा एक सिनेमा आम्हीही केलाय, तो टीव्हीवर लागलाय, आणि त्यातला किडा मी माझ्या हातांनी केला होता. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगते. कोणी हसलं तर माप घेताना दंडाला टेप जरा घट्ट आवळते.

माझं माहेर मेडशी. घरावर टीव्हीची छत्री बसली तेव्हा मी शाळा संपवून शिवणकाम शिकत होते आणि माझा धाकटा भाऊ शाळेत होता. त्या छत्रीवर फुकटची चॅनेलं दिसायची आणि त्यातल्या एकावर दुपारी हटकून असे सिनेमे लागायचे. पैशांची चणचण त्यात उघड दिसायची. माश्यांचा एकच थवा तीन वेळा दाखवायचे, दर वेळी तेच झाड, तीच डावीकडून उजवीकडे झेप. राक्षसी कोळी यायचा तेव्हा पडद्यावर नुसता त्याचा एक पाय आणि खूप सारा धूर. मी हसायचे. भाऊ मात्र पोटावर पालथा पडून, हनुवटी तळव्यांवर टेकवून, परीक्षेला बसल्यासारखा पाहायचा. एकदा म्हणाला, त्यांच्याकडं पैसा नाही म्हणून ते किडा कमी दाखवतात आणि कमी दाखवतात म्हणूनच तो मोठा वाटतो. तेव्हा त्याच्या ओठावर मिसरूड फुटत होती. त्या दिवसापासून मीही हसणं सोडून पाहायला लागले.

बाबा असे सिनेमे पाहायचे नाहीत, असं ते स्वतः सांगायचे. ते दारात उभे राहायचे. वावरातून आले की हात पुसत चौकटीला टेकायचे आणि अर्धाअधिक सिनेमा तिथूनच बघायचे. खाली बसले असते तर पाहिल्यासारखं झालं असतं, उभं राहिलं की माणूस नुसता थांबलेला असतो. बाबा सोयाबीन आणि तुरीचे शेतकरी. किड्यांशी त्यांचं रोजचं भांडण, त्यामुळे पडद्यावरच्या किड्यांचा त्यांना विशेष राग यायचा. घाबरून नव्हे, अडाणीपणाचा राग. "एवढा मोठा किडा," ते म्हणायचे, "आन् असं हिरवं पीक सोडून माणसं काहून खाते?" आणि पुन्हा गोठ्याकडे निघून जायचे.

भावानं ते वाक्य डोक्यात ठेवलं होतं. कॉलेज संपल्यावर त्यानं जाहीर केलं की तो सिनेमा करणार, आणि त्यातला किडा माणसं खाणार नाही. तो चक्रीभुंगा असेल. आमच्याकडे सोयाबीन पेरणाऱ्या कुणालाही हा भुंगा दाखवावा लागत नाही. त्याची मादी खोडावर बांगड्यांसारखी दोन वर्तुळं कोरते आणि मधल्या भागात अंडं घालते. वरचा शेंडा मान टाकतो. भावाच्या गोष्टीत हा भुंगा बैलगाडीएवढा होता आणि सोयाबीन संपल्यावर विजेच्या खांबांना तशीच वर्तुळं कोरत गावाकडे यायचा. एकेक खांब पडला की गावातली लाईट जायची. लाईट आमच्याकडे तशीही जायचीच, तेव्हा हा भाग फुकटात झाला. तो मोबाईल घेऊन टपून बसायचा आणि लाईट गेली की आनंदानं उडी मारायचा. शेजारच्या घरांतून शिव्या यायच्या, त्याही त्यानं सिनेमात वापरल्या.

वाशीमच्या एका केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल होतं. सकाळी भजनं, दुपारी साड्यांच्या जाहिराती, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा. गणपतीच्या दिवसांत त्याला आपल्या भागातलं काहीतरी दाखवायचं होतं. भावानं जाऊन त्याला शब्द दिला आणि एक संध्याकाळ मागून घेतली.

घरी हे कळलं तेव्हा बाबा बैलांना वैरण टाकायला निघून गेले. वाशीमला मामांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. मामा कधीपासून म्हणत होते की पोराला माझ्याकडे बसवा, हुशार आहे, दुकान सांभाळेल. बाबांच्या मनात ते पक्कं होतं. सिनेमा हे त्यांच्या लेखी पोरानं टाईमपासाला दिलेलं गोंडस नाव होतं. शेवटी जेवताना, ताटाकडे बघतच त्यांनी निकाल दिला. "गणपतीपर्यंत काय करायचं ते कर. तुहा सिनेमा टीव्हीवर लागला तर लागला. नाही लागला तर मामाच्या दुकानात बसजो, आन् मंग जल्मात सिनेमाचं नाव काढजो नको."

भाऊ हो म्हणाला. माझा घास हातातच राहिला, कारण मला माहीत होतं की तो शब्दाचा पक्का आहे. हा दुकानात बसला असता तर खरंच बसला असता, हसतमुखानं फवारणीची औषधं विकली असती आणि पुन्हा कधी पोटावर पालथा पडून काही पाहिलं नसतं. ते मला सहन झालं नसतं. मी त्याच रात्री त्याला म्हटलं की किडा मी करते.

मला शिवता येतं, कापता येतं, एवढ्या भांडवलावर मी भुंगा करायला घेतला. अख्खा श्रावण त्यात गेला. बांबूच्या कमच्या वाकवून सांगाडा बांधला. त्यावर बारदान शिवलं, बारदानावर खळ लावून रद्दी चिकटवली, वाळली की पुन्हा एक थर. खरा चक्रीभुंगा डोक्याकडून पिवळसर तपकिरी आणि मागून काळा असतो, म्हणून पुढचं अंग हळदीच्या आणि गेरूच्या रंगानं रंगवलं आणि मागचे पंख काळ्या ताडपत्रीचे केले. ताडपत्री मशीनवर शिवताना सुया मोडल्या, बोटं सोलली. पाय ठिबकच्या जुन्या नळ्यांचे. डोळ्यांना मायच्या दोन चाळण्या लावल्या, त्यावरून मायशी जे भांडण झालं ते वेगळं. चक्रीभुंग्याच्या मिशा त्याच्या अंगाएवढ्या लांब असतात. त्या कशाच्या कराव्या हे काही केल्या सुचेना. बांबू ताठ राहायचा, दोरी लोंबायची. शेवटी भावाच्या दोस्तानं गॅरेजमधून ब्रेकच्या तारा आणल्या. त्या लावल्या आणि भुंग्याला कुणी नुसता हात लावला तरी मिशा थरथरायला लागल्या. मी मागं सरकले. स्वतःच केलेल्या वस्तूची मला भीती वाटली आणि लगोलग असा काही गर्व वाटला की मी घरात जाऊन मायला ओढत आणलं.

उचलून नेता यावा म्हणून त्याच्या पोटाखालून दोन लांब बांबू आरपार घातले होते. चार जणांनी खांद्यावर घेतला की भुंगा चालायचा.

बाकीचा सिनेमा भावानं श्रावणात जमेल तसा घेतला. त्याचे दोस्त कधी पोलीस व्हायचे, कधी पळणारे गावकरी. अशा सिनेमांत एक शास्त्रज्ञ बाई लागते, जिचं आधी कोणी ऐकत नाही. ते काम मला कर म्हणाला, मी सुईदोरा दाखवला. मग मायला चष्मा लावून बसवलं. माय तूर निवडत होती. तिनं कॅमेऱ्याकडे एकदाही मान वर केली नाही आणि निवडता निवडताच सांगितलं की हे काही साधं लक्षण नाही. रोज घरात जसं बोलते तसंच. त्या सिनेमात मायएवढं चांगलं काम कोणीच केलं नाही, आणि हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही.

भुंगा मात्र भावानं कुठेच पूर्ण दाखवला नाही. सोयाबीनच्या वर थरथरणाऱ्या मिशा, गोठ्याच्या भिंतीवर एक पाय, दाराच्या फटीतून चाळणीचा डोळा. तो पूर्ण दिसणार होता एकदाच, शेवटी, शिवेवरच्या पळसांपाशी. तिथे हिरो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन त्याला सामोरा जाणार होता. हा शेवट पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला घ्यायचा ठरला. त्या दिवशी सगळे मोकळे असतात. नंतर चार दिवसांत गणपती बसतात, म्हणजे पुढे सवडच नव्हती.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बैलांनी घोळ घातला. तोरणाखालून मिरवून, पुरणपोळी खाऊन घरी आले आणि गोठ्याच्या दारात खुंटासारखे उभे राहिले. आत भुंगा होता, सकाळी न्यायला सोपा म्हणून भावानं त्या दुपारीच परसातल्या छपराखालून आणून ठेवलेला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि आपल्याच सणाच्या दिवशी आपल्याच घरात पाय ठेवेनात. बाबा तेव्हा पारावर होते. मायनं भावाला असा दम भरला की त्यानं दोस्तांना बोलावून भुंगा उचलला आणि पुढच्या दारात, भिंतीला लावून ठेवला. मागोमाग मायनं दाराशी मेढे लावले.

मेढे म्हणजे पळसाच्या फांद्या. आमच्याकडे पोळ्याला त्या प्रत्येक दाराशी लावतात. घरातल्या माशा, मुरकुटं, ढेकणं, सगळी रोगराई रात्रीतून त्या फांद्यांवर येऊन बसते, अशी समजूत. करीच्या दिवशी उजाडता उजाडता गाव उठतं, आपापल्या दारातले मेढे उचलतं आणि "घेऊन जाय गे मारबत" असं ओरडत शिवेवर नेऊन जाळतं. एखाद्या वर्षी हौशी पोरं कागदाची, चिंध्यांची मारबतही, म्हणजे त्या रोगराईचा पुतळाच, करतात आणि मेढ्यांबरोबर तीही जळते. दाराशी भुंग्यानं जागा अडवलेली, म्हणून मायनं फांद्या सरळ त्याच्या अंगावर टेकवल्या. दोन त्याच्या पायांत खोचल्या. मी ते पाहिलं आणि त्याला हिरवा रंग शोभतोय असं मनात म्हणून झोपायला गेले.

भाऊ अंधार असतानाच दोस्तांना घेऊन शिवेवर गेला. उजेड कुठून येतो ते पाहून मोबाईल कुठे उभा करायचा हे त्याला ठरवायचं होतं. भुंगा न्यायला नंतर येणार होता.

मला जाग आली ती ओरड्यानं. करीचा ओरडा दरवर्षीचाच, म्हणून मी कूस बदलली. मग लक्षात आलं की हा ओरडा नेहमीपेक्षा मोठा आहे आणि त्यात सगळ्यात वरचा आवाज बाबांचा आहे. बाबा दरवर्षी मागे, गुपचूप दोन फांद्या घेऊन चालणारे. मी दारात आले तर भिंत रिकामी होती. खाली खळीचे चार पोपडे पडले होते.

मी तशीच धावले. रस्त्याच्या वळणावर मला तो दिसला. अख्ख्या गावाच्या डोक्यांवरून माझा भुंगा चालला होता. एका बांबूचं पुढचं टोक बाबांच्या खांद्यावर होतं. मिशा थरथरत होत्या. पोरं पुढे नाचत होती, म्हातारी माणसं काठी टेकत दारांतून बाहेर येत होती आणि प्रत्येक घरातून मेढे येऊन भुंग्यावर पडत होते. बाबा ओरडत होते, थांबून श्वास घेत होते आणि जो भेटेल त्याला सांगत होते. मी गर्दीतून पुढे सरकत होते, तेव्हा त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"पाहून घ्या. अशी मारबत या गावात कोणी केली नव्हती. माह्या पोरायनं केली. म्हयनाभर खपून राह्यले होते, मले वाटे रिकामे धंदे करतात."

मी जागच्या जागी थांबले. बाबांनी श्रावणभर एकदाही माझ्या कामाकडे नीट पाहिलं नव्हतं. भावाचा सिनेमा किड्यांचा आहे एवढंच त्यांना ठाऊक, त्यासाठी किडा हातानं करावा लागतो हे नव्हे. पहाटे उठून ते दाराशी आले, समोर एवढा मोठा किडा, त्याच्या अंगावर मेढे. आमच्या गावचा कुठलाही माणूस जे समजला असता तेच ते समजले. आणि समजल्याबरोबर त्यांनी चार जणांना हाका मारून त्याला खांद्यावर घेतला.

गाव शिवेवर पोचलं तेव्हा भाऊ पळसांपाशी मोबाईल उभा करून, उजेड पाहायला शूटिंग चालूच ठेवून तयार होता. भुंगा येताना पाहून त्याचा चेहरा आधी फुलला. गाव आपली वस्तू पोचवायला आलं, असं त्याला वाटलं. मग त्यानं मेढ्यांचा ढीग रचला जाताना पाहिला, ढिगावर भुंगा ठेवला जाताना पाहिला आणि बाबांच्या हातातली काडेपेटी पाहिली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

हिरो झालेला दोस्त पाठीवर पंप घेऊन पुढे आला आणि बाबांना काहीतरी सांगायला लागला. भावानं त्याचा दंड धरला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. भुंगा गेला की शेवट गेला, शेवट गेला की सिनेमा गेला आणि सिनेमा गेला की मामांचं दुकान. दुसरा भुंगा होण्यासारखे दिवस उरले नव्हते. हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि मलाही. एका शब्दाचं काम होतं. बाबा, हा मारबत नाही, एवढंच म्हणायचं. गाव हसलं असतं. बाबाही हसले असते, आणि खांद्यावरचा धुळीचा पट्टा झटकून पुन्हा मागे, गुपचूप चालायला लागले असते.

बाबा आमच्याकडे बघत होते. एवढ्या लोकांत त्यांनी आम्हाला दोघांना शोधून काढलं होतं आणि काडी हातात धरून थांबले होते. त्यांना आम्हाला विचारायचं होतं. वस्तू आमची, म्हणून.

"लावू का?" ते म्हणाले.

माझ्या बोटांवरच्या जखमा अजून भरल्या नव्हत्या. पण खरं सांगते, मला त्या क्षणी भुंग्याचं वाईट वाटण्यापेक्षा अभिमान जास्त वाटत होता. बाबांचा वाटत होता, स्वतःचा वाटत होता, नेमका कोणाचा ते सांगता येणार नाही.

"लावा बाबा," मी म्हटलं.

"थांबा," भाऊ म्हणाला. त्यानं मोबाईल हातात घेतला, चार पावलं मागे गेला, गुडघा टेकला. बाबांना म्हणाला, "जरा असे उजेडाकडं व्हा. हं. आता लावा."

पळस ओला होता, धूर आधी आला. मग रद्दीनं पेट घेतला, बारदानानं घेतला, ताडपत्री वितळून टपटप गळायला लागली. बांबूच्या गाठी फुटायला लागल्या तशी पोरं आणखी जोरात ओरडली. गाव ओरडत होतं, बाबा हात वर करून ओरडत होते आणि मधे भुंगा उभा जळत होता. सगळं अंग गेलं तरी ब्रेकच्या तारांच्या मिशा तशाच उभ्या राहिल्या, लाल झालेल्या, थरथरत. भावानं मोबाईल एकदाही खाली घेतला नाही. त्याचे डोळे वाहत होते. धुरानं, असं तो अजूनही म्हणतो.

घरी येऊन तो मोबाईलमधलं पुन्हा पुन्हा पाहत होता. दुपारी उठला, मायपुढे तुरीचं सूप ठेवलं, तिला चष्मा लावला आणि एकच वाक्य तिच्याकडून बोलून घेतलं. माय निवडता निवडता म्हणाली, "औषधानं नाही जायचा तो. समद्या गावानं मिळून नेला तरच जाईन." हिरो आणि त्याचा पंप सिनेमातून गेले. दोस्त बरेच दिवस फुगून होता.

केबल मेडशीपर्यंत येत नव्हती, म्हणून गणपतीतल्या त्या ठरलेल्या संध्याकाळी आम्ही सगळे एसटीनं वाशीमला मामांच्या घरी गेलो. आरती झाली. वाढदिवसाच्या शुभेच्छा झाल्या. मग पडद्यावर आमचं वावर आलं. बाबा सवयीप्रमाणे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. सोयाबीनच्या वर दोन मिशा थरथरल्या आणि मी पडदा सोडून बाबांकडे पाहायला लागले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. गोठ्याच्या भिंतीवर पाय दिसला तेव्हा ते चौकट सोडून पुढे आले. दाराच्या फटीतून चाळणीचा डोळा बघायला लागला तेव्हा त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते माझ्याशेजारी खाली सतरंजीवर बसले. सिनेमा पाहायला बाबा खाली बसलेले मी पहिल्यांदा पाहत होते.

शेवट आला. धुक्यातून, रस्त्याच्या वळणावरून अख्खं गाव चालत आलं आणि त्यांच्या डोक्यांवर, पहिल्यांदाच पूर्ण, तो भुंगा. तो मीच केलेला होता, तरी अंगावर काटा आला. बाहेरदेशातल्या त्या सिनेमांना एवढी माणसं कधी परवडली नसती. आणि सगळ्यांच्या पुढे बाबा होते. काडी धरून, उजेडाकडे तोंड करून, आमच्याकडे बघत. "लावू का?" पडद्यावरच्या बाबांनी विचारलं. तो आवाज थांब म्हणण्याआधीचा, उभ्या मोबाईलनं आपणहून टिपलेला, म्हणून दुरून आल्यासारखा होता.

नंतर चहा झाला. मामांनी भावाची पाठ थोपटली, छान केलं म्हणाले आणि मग बाबांकडे वळून विचारलं की आता कधीपासून दुकानात पाठवता. भाऊ कपाकडे बघत राहिला. खरं तर सिनेमा लागला होता, म्हणजे अट त्यानं पुरी केली होती, पण तो स्वतः होऊन हे बोलला नसता. बाबांनी बशीतला चहा संपवला.

"त्याले नाही जमायचं," ते म्हणाले. "त्याले काम हाये."

परतीच्या बसमध्ये मी आणि बाबा एका बाकावर होतो, भाऊ पुढच्या. बस गावाबाहेर पडेपर्यंत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मग तसंच पाहत त्यांनी विचारलं, "तवा मले थांबोलं काहून नाही?"

पुढच्या बाकावरची भावाची मान किंचित वळली. उत्तर मीच दिलं. "तुमी लोकायले सांगून राह्यले होते, माह्या पोरायनं केली म्हनून. मधात कसं बोलाव?"

बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि पुन्हा तसंच ठेवलं. मेडशी येईपर्यंत त्यांचा हात माझ्या सोललेल्या बोटांवर होता. माझ्या आठवणीत बाबांनी माझा हात धरला तो तेवढाच.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं आणि मी श्रावणात माहेरी रुखवताचं शिवत बसले होते. भाऊ तेव्हा लोकांच्या लग्नांचं शूटिंग करू लागला होता, आजही करतो, आणि मधूनमधून स्वतःचंही काही घेतो. एका दुपारी टीव्हीवर कसलेसे राक्षसी डास चालले होते. अंगणात धाडकन आवाज झाला. बाहेर पाहिलं तर बाबांनी वावरातून बांबू आणून टाकले होते, हिरवे, सरळ, माझ्या सांगाड्याला लागायचे त्याच्या दुप्पट लांब. घाम पुसत ते दारापाशी आले, चौकटीला न टेकता आत आले आणि बसले.

"औंदा गोम करा," म्हणाले. "लांब असते. समद्या गावाले खाली खांदा लावता येईन."

मी मशीनवरची टेप घेतली आणि बांबू मोजायला बाहेर गेले.